बोळातली रांग

१

नाय जावईबापू, माणूस म्हातारा झाला म्हणून लेकीचं पोर उचलून समुद्रात नेत नसतो. ते आधी डोक्यातनं काढा. तुम्ही स्वरूपाला म्हणालात, तुझ्या बापाला डॉक्टरकडं ने, त्याचं डोकं फिरलंय. नागेशचं डोकं तापट आहे हे आमच्या सगळ्या बंदराला ठाऊक आहे. फिरलेलं मात्र नाय. फिरलं असतं तर पहिलं मला कळलं असतं. मी दिनकर, त्याचा चुलत भाऊ, जन्म सगळा त्याच्याबरोबर एका होडीवर काढलाय.

तुम्ही ऐकून घेत नाय, फोन ठेवून देता. नागेश सांगत नाय, कारण विमानात बसवताना तुम्ही त्याला जे बोललात त्यानंतर त्यानं तुमचं नाव टाकलंय. मग सांगायचं कोणी? मी सांगतो. त्यानं पडवीत बसून मला सांगितलं तसं, पदरचं मीठ न घालता.

नागेश चौथी नापास. पण काळोखात त्याच्याइतका भरवशाचा हात आमच्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. ते दिवस तुम्ही बघितलेले नाय. दुबईकडली लाँच लांब उभी राहायची, होड्या माल घेऊन पुळणीला लागायच्या, आणि पुळणीपासून सुरूच्या बनातून वर वाडीपर्यंत माणसांची रांग. बत्ती नाय, विडी नाय, बोलणं नाय. डावीकडनं हातात आलं की उजवीकडं द्यायचं. कोण देतो, कोण घेतो, गाठोड्यात काय आहे, बघायचं नाय. एखाद्याचा हात थांबला की पलीकडला त्याच्या कोपराला दोनदा टिचकी मारायचा. म्हणजे सोड पुढं.

आणि एक रीत होती. होडी रिकामी परत जायची नाय. आलेला माल वर गेला की तीच रांग उलटी फिरायची. वरनं लाँचवाल्यांसाठी नारळ यायचे, कोंबड्या यायच्या, एकदा तर खोताचा बोकड आला, तोंड बांधलेला. नागेशनं तोसुद्धा बिनबोभाट पुढं दिला. दुसऱ्या दिवशी खोत वाडीभर बोकड शोधत फिरतोय आणि नागेश त्याच्याबरोबर शोधतोय. हे सांगताना तो पोट धरून हसायचा. आता हसत नाय.

लाज कसली? सगळा किनारा त्या रांगेत उभा होता. तुमच्या मनगटावरचं घड्याळ त्याच रांगेतनं आलेलं. पट्ट्याची एक कडी तुटलेली, ती नागेशनं तांब्याच्या तारेनं बांधली आणि लग्नात तुम्हाला घातलं. तारेचं टोक मनगटाला टोचतं म्हणून तुम्ही मांडवातच तोंड वाकडं केलेलं. तरी सासरा आला की मान राखायला तेवढे दिवस घालता, हे मी नाकारत नाय.

२

जर्मनीत रेगेन्सबर्गला नागेश तुमच्याकडं आला तो हात बांधून बसला. प्रभावहिनी विमानाला भिते म्हणून एकटाच आलेला. तुम्ही सकाळी मोटारीच्या कारखान्यात जायचे, स्वरूपा तिच्या कामाला, पोर बालवाडीत. कचऱ्याचे डबे वेगवेगळ्या रंगांचे. ह्यानं माशाचं डोकं टाकलं ते नेमकं कागदाच्या डब्यात, तर वरच्या मजल्यावरची बाई खाली येऊन बोलून गेली. रविवारी खिळा ठोकायला घेतला तर स्वरूपा धावत आली, बाबा, आज रुहेत्साइट, आज आवाज करायचा नाय. ज्या माणसानं वादळात शीड उतरवलंय त्याला घरात कोण साधा बल्ब बदलू देत नव्हतं. त्याला सुख होतं एकच, नातीचं, ईप्सिताचं. तो मराठीत बोलायचा, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघांचं बरं चालायचं. रोज संध्याकाळी तिच्या डोक्याला खोबरेल चोळायचा, हे त्याचं एकमेव काम. तुम्हाला त्याचा वास आवडायचा नाय.

मग पोराला सुट्ट्या लागल्या आणि तुम्ही सगळ्यांना वर उत्तरेला समुद्रावर घेऊन गेलात. त्या गावाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाय. जुनं कोळ्यांचं गाव. धक्क्याला कोळंबीच्या होड्या, आणि ओहोटी अशी की समुद्र उठून दुसऱ्याच्या घरी गेल्यासारखा. नजर पोचेल तिथवर नुसता चिखल. नागेशला गाव बघताक्षणी आवडलं. जाळ्यांचा वास आला म्हणाला, तर भूक लागली.

घर धक्क्याला लागूनच, विटांचं, बुटकं. मालकीण फ्राऊ यान्सेन शेजारी राहायची. पहिल्या दिवशी तिनं चहा पाजला, खडीसाखरेचा खडा टाकून, वरनं साय. तिचं बोलणं तुम्ही मराठीत सांगत होता. कोणा फ्रेंच बादशहानं विलायती माल बंद केलेला तेव्हा हे गाव चहा, साखर, कापड काळोखात उतरवून जगलं. नागेश खूश होऊन म्हणाला, "म्हणजे आपलीच माणसं."

तुम्ही हसलात. तिला मात्र ते सांगितलं नाय.

त्या घराला पाठीमागं एक बोळ होता. स्वयंपाकघरातनं दार उघडलं की विटांचा बोळ, दोन माणसं शेजारी चालणार नाहीत एवढाच रुंद, मध्ये एक वळण, आणि वळणापलीकडं धक्क्यावरची शेड. शेडीचं दुसरं दार सरळ पाण्याच्या पायऱ्यांवर. शेडीत लाकडं रचलेली, शेगडीसाठी. बोळात बल्ब होता पण लागत नव्हता. मालकीण म्हणाली देते दुसरा, दिला नाय. नागेशनं एक गोष्ट तेव्हाच बघितली. त्या म्हातारीचं कंबरडं मोडलेलं, चालताना एक पाय ओढायची, तरी स्वतःसाठी लाकडं न्यायला ती बाहेरनं, पावसातनं, हातगाडी ढकलत पूर्ण घराला वळसा घालून जायची. बोळातनं चार पावलांचं काम. नागेशला वाटलं, म्हातारीला अक्कल कमी.

लाकडं आणायची तुमची पद्धत नागेशनंच लावून दिली. तुम्ही शेडीत, तो वळणावर, स्वरूपा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. तुम्ही ओंडका द्यायचा, त्यानं वळून पुढं द्यायचा, तिनं शेगडीजवळच्या पेटीत रचायचा. वळणावर दोन्हीकडचं काही दिसायचं नाय. नुसते हात. पहिल्या संध्याकाळी पेटी बघता बघता भरली आणि तुम्ही म्हणालात, बाबा, तुम्ही आमच्या कारखान्यात पाहिजे होता. तेवढ्या एका वाक्यावर तो रात्री दोन पोळ्या जास्त जेवला.

३

दोन-तीन दिवस गेले असतील. त्या मुलखात चहा संपेस्तोवर दिवस मावळतो. तुम्ही म्हणालात, लाकडं आणू या थोड्या वेळानं. नागेशला थोडा वेळ म्हणजे काय ते जन्मात कळलेलं नाय. तो उठला, बोळात गेला, वळणावर आपल्या जागी उभा राहिला आणि हात पुढं केले. तुम्ही मागनं बाहेरून शेडीत गेला असाल असं त्याच्या मनात.

वाईच वेळ गेला. शेडीच्या बाजूनं गार हवा आली, आणि हातात ओंडका आला.

त्यानं वळून पुढं दिला. पुढल्या हातांनी घेतला. परत वळला तर दुसरा तयार. आज जावईबापू जोरात आहेत, त्याला वाटलं. ओंडके ओले होते, आणि ओंडक्याच्या मानानं गोल. काही पिंपासारखे, काही पोत्यात बांधलेल्यासारखे मऊ. त्यानं चाचपून बघितलं नाय. रांगेत चाचपत नाहीत. अंगाला लय सापडली होती, घे, वळ, दे, वळ, आणि गुडघे दुखायचे थांबले होते.

मग त्याला आवाज लागला. वजन हातात घेताना माणूस हुंकारतो, नकळत. हं. शेडीच्या बाजूनं तो हुंकार येत होता. आधी खूप लांबनं एक, मग जरा अलीकडं, मग अजून अलीकडं, असा माल जवळ येत येत नागेशपर्यंत पोचायचा. तो स्वतः हं करायचा. मग पुढं, स्वयंपाकघरात हं, जिन्याशी हं, आणि शेवटी डोक्यावर, माळ्याच्या फळ्यांवर, अगदी हलका.

बोळाची लांबी तर बैलगाडीएवढी. एवढे हुंकार त्यात मावणार कुठं, हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि तसाच पुढच्या हातात गेला.

माल संपला. तो घाम पुसत स्वयंपाकघरात आला. कोण नव्हतं. शेगडीजवळची पेटी रिकामी, तळाला नुसता भुसा. वरच्या मजल्यावर स्वरूपा पोराला आंघोळ घालत होती, पाण्याचा आवाज आणि ईप्सिताचं गाणं. तुम्ही पुढल्या खोलीत सोफ्यावर गाढ झोपलेले, तोंड उघडं, हात दोन्ही बाजूंना टाकलेले.

तो परत शेडीत गेला. धक्क्याकडल्या दाराला आतनं कडी. लाकडं रचलेली तशीच.

आता कोणी दुसरा असता तर ओरडला असता. नागेशनं विचार केला. शेजारचे कोळी असतील, त्यांचा माल असेल, म्हातारीच्या माळ्यावर ठेवत असतील, मागनं दुसरी कुठली वाट असेल. माझं काय गेलं? त्यानं हातांचा वास घेतला. डांबर आणि ओला काथ्या. बोटाच्या नखात चहाची पत्ती अडकलेली, पण चहा तर तो दिवसभर पीतच होता. त्यानं हात धुतले, स्वतः दोन खेपा मारून पेटी भरली आणि कोणाला काही बोलला नाय. बोलला असता तर तुम्ही एकमेकांकडं बघितलं असतं. माशाच्या डोक्याच्या वेळी बघितलेलं तसं.

४

सकाळी तो लायटर घेऊन बोळ बघून आला. भिंतीच्या विटा कोपराच्या उंचीवर दोन्ही बाजूंनी घासून गुळगुळीत झालेल्या, देवळाच्या उंबऱ्यासारख्या. खाली जमिनीत खळगे. हात लांब केला तर पुढच्याला पोचेल एवढ्या अंतरावर पायांच्या जोडीजोडीनं खळगे पडलेले, शेडीच्या दारापर्यंत. वळणावरच्या जोडीत त्यानं पाय ठेवून बघितले. बसले. त्या धंद्यातली पक्की माणसं, त्यानं मान हलवली. उभं राहावं कसं, त्यांना माहीत होतं.

आणि संध्याकाळी तो परत गेला.

का गेला म्हणून तुम्ही विचाराल. तुम्ही कधी हात बांधून बसलेला नाय, म्हणून विचाराल. एवढ्या मोठ्या देशात त्याच्या हाताला ओळखणारं तेवढंच एक ठिकाण होतं. तिथं त्याला कोण सांगत नव्हतं की बाबा राहू द्या. तो न येता तर माल वळणावर अडला असता. रोज चहा झाला की तो म्हणायचा, जरा पाय मोकळे करून येतो, आणि बोळात जाऊन उभा राहायचा. स्वरूपाला वाटायचं बाबा धक्क्यावर फिरतात. रोज तो परत यायचा तेव्हा तुम्ही सोफ्यावर झोपलेले. इकडं झोप कशी लागते बघा, तुम्ही म्हणायचे, समुद्राची हवा.

एके दिवशी फ्राऊ यान्सेन अंडी द्यायला आली तेव्हा तो बोळातनं बाहेर पडत होता. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाय. त्याचे दोन्ही हात धरले, उताणे केले, तळव्यांवर अंगठा फिरवला आणि सोडले. दुसऱ्या दिवशी उठून बघतात तर पुढल्या दारात लाकडांचा ढीग. म्हातारीनं पहाटे हातगाडीनं आणून टाकलेला, आठवडाभर पुरेल एवढा. तुम्ही म्हणालात, किती चांगली बाई. नागेश मनात चिडला. हिला कोणी सांगितलं? माझं काम काढून घ्यायला सगळे टपलेले.

त्याच सकाळी न्याहारीला ईप्सिता पावाला जॅम लावता लावता काहीतरी बोलली. स्वरूपा हसली. नागेशनं विचारलं काय म्हणते.

"म्हणते, लोकांचे हात किती गार असतात."

"कुठले लोक?"

ईप्सितानं चमचा वर करून जिना दाखवला आणि परत जॅम लावायला लागली.

तुम्ही म्हणालात, मुलांची कल्पना, ह्या वयात असतंच. हे बोलताना तुम्ही लिंबाची फोड घेऊन तळवे घासत होता. तळव्यांना तपकिरी डाग पडलेले, निघत नव्हते. सायकलच्या साखळीचं वंगण असेल, तुम्ही म्हणालात. त्या घरात सायकली होत्या खऱ्या. तुम्ही एकदाही बसलेला नव्हता.

नागेशला त्या डागांचा डांबराचा वास ओळखू आला. ओळखला आणि पावाचा तुकडा तोंडात टाकला. हेच त्याला आज खातंय, जावईबापू. तुमच्यावर त्याचा राग आहेच, पण ह्या एका घासाचा त्याला जास्त राग आहे.

५

निघायच्या आदल्या दिवशी स्वरूपा मालकिणीची भांडी परत द्यायला गेली. दिवस मावळत होता. तुम्ही सोफ्यावर, तुमच्या अंगाला टेकून ईप्सिता झोपलेली, तिच्यावर निळं पांघरूण. नागेशनं थोड्याच वेळापूर्वी तिच्या डोक्याला तेल लावलेलं. तो दोघांकडं बघून बोळात गेला. शेवटचा दिवस, एकदा उभं राहून येऊ.

खळग्यात पाय ठेवले, हात शेडीकडं केले. काही आलं नाय. वारा पडलेला. ओहोटी पूर्ण लागली की चिखल बुडबुडतो, तो आवाज तेवढा लांबनं. तो हात तसेच धरून उभा.

मग पाठीमागनं, घराच्या बाजूनं, त्याच्या दंडाला काहीतरी लागलं.

तो वळला. हातात पत्र्याचा डबा आला. त्याला एक क्षण कळलं नाय, आणि मग कळलं तेव्हा तो चक्क हसला. रांग उलटी फिरली होती. माल उतरून झाला, आता परतीचं. नारळ आले, त्याच्या मनात आलं. त्यानं डबा शेडीकडं दिला, तिकडल्या हातांनी घेतला. हं. मग तांब्याची किटली. मग कापडाचं बोचकं. ते हुंकार आता माळ्यावरनं सुरू होऊन, जिन्यानं उतरून, त्याच्यापर्यंत येत होते आणि त्याला ओलांडून चिखलाकडं लांब लांब जात होते.

मग एक बूट आला. रबरी, एवढासा. तो पुढं गेला. मग दुसरा. तोही गेला. हात डोक्याच्या पुढं धावत होते, हातांना सवयच ती. दुसरा बूट पलीकडं गेल्यावर त्याच्या मनात आलं की असले बूट ह्या घरात एकाच माणसाचे आहेत.

आणि तेवढ्यात त्याच्या ओंजळीत ऊबदार ओझं आलं. पांघरुणात गुंडाळलेलं, श्वास घेत असलेलं. खोबरेलाचा वास आला.

देणाऱ्याचे हात अजून ओझ्याखाली होते. ते काढून घेताना मनगट नागेशच्या मनगटाला घासलं आणि तांब्याच्या तारेचं टोक कातडीत घुसून ओरखडत गेलं. ती तार त्यानं स्वतःच्या पकडीनं पिळली होती. ती त्याला डोळे मिटून कळते. काळोखात तर कळलीच.

शेडीकडले हात आले. पोराच्या पायांखाली अलगद शिरले. नागेशनं दिलं नाय.

त्याच्या कोपरावर टिचकी बसली. एक, दोन. घाई नाय, राग नाय. सोड पुढं.

त्यानं दिलं नाय. बोळातले सगळे हुंकार थांबले. वर माळ्यापासून लांब चिखलापर्यंत सगळं थांबून राहिलं. परत टिचकी. मग पायांकडनं ओढ लागली. जोर नव्हता त्या ओढीला, ओहोटीला जोर असतो का? नुसती जाते, आणि तिच्याबरोबर सगळं जातं. नागेशचे पाय खळग्यातनं निघाले. त्यानं भिंतीला खांदा रेटला तर गुळगुळीत विटांवरनं खांदा सरकला. वळण गेलं, शेड गेली. कडी लावलेलं दार उघडं होतं. पायऱ्या. पायऱ्यांखाली चिखलात साचलेल्या पाण्याचा गारठा पोटऱ्यांना लागला तरी त्यानं हात सोडले नाय.

रांगेत बोलायचं नसतं. नागेश बोलला. आमच्या बंदरावर जेवढ्या शिव्या आहेत तेवढ्या त्यानं दिल्या, आईवरनं, बापावरनं, होडीवरनं. म्हणाला, "माझ्या नातीला हात लावलात तर हात उपटून माशांना घालीन."

आणि तेव्हा त्यानं मान वर करून बघितलं. जे रांगेत कोण कधी बघत नाय ते बघितलं. पश्चिमेला उजेडाची एक फट राहिलेली. तिच्यापुढं चिखलात माणसं उभी होती, पायरीपासून थेट आभाळ टेकतं तिथवर, एकामागं एक, हाताहाताच्या अंतरावर. सगळ्यांच्या ओंजळी इकडं पसरलेल्या. सगळ्यात जवळच्या ओंजळीत ईप्सिताचे बूट होते.

पाठीमागनं धक्क्यावरनं टॉर्चचा झोत आला. स्वरूपाची हाक आली, "बाबा!"

रांगेत बत्ती चालत नाय. झोत पडला तिथं नुसता चिखल होता.

६

पुढचं तुम्ही सांगता ते. सासरा पोराला छातीशी धरून पाण्यात उभा, तोंडानं शिव्या. तुम्ही डोळे चोळत घरातनं आलात, पोर हिसकावून घेतलंत, आणि तिथंच त्याला वेडा ठरवलंत. ईप्सिताचे बूट ह्यानंच चिखलात घालवले म्हणालात. बरं. मग चिखलात शोधलेत ना सकाळी? मिळाले?

स्वरूपा तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलणारी पोरगी नाय. पण तिनं मला विचारलं, "काका, हे झोपलेले होते, मग ह्यांचे मोजे ओले कसे?" मी म्हटलं, नवऱ्याला विचार. तिनं विचारलं नाय. घड्याळाच्या काचेत आतनं पाणी धरलेलं, तेही तिनंच बघितलं. आणि नागेशच्या मनगटावर तारेचा ओरखडा आहे, उजव्या हाताला, आतल्या बाजूनं. भरून आला, गेला नाय. येऊन बघा.

मी तुम्हाला दोष देत नाय. कोणी तुमच्या हातात दिलं, तुम्ही पुढं दिलंत. रांगेत असंच असतं. तुम्ही झोपेत होता हे मी मान्य करतो. म्हणून तर सांगतोय.

नागेश आता पडवीत बसतो, हात काखेत धरून. जाळं शिवायला घेतो, ठेवतो. कोण काही द्यायला आला तर म्हणतो, खाली ठेव, मी उचलतो. प्रभावहिनीनं चहाचा कप पुढं केला तरी तेच. बाकी ठणठणीत आहे. जेवतो, भांडतो, ईप्सिता फोनवर आली की आजो आजो ऐकून डोळे पुसतो आणि म्हणतो डोळ्यांत धूर गेला.

काल स्वरूपाचा फोन आला. म्हणाली, यंदा सुट्टीत परत तेच घर घेतलंय ह्यांनी. एवढं होऊन परत तिथंच का, तिनं विचारलं तर तुम्ही म्हणालात, मला तिथं झोप चांगली लागते. बाबा नसतील, मग भीती कसली. ते घड्याळ तुम्ही आता आंघोळीलाही काढत नाय, म्हणाली. झोपेत दोन्ही तळवे वर करून हात पलंगाबाहेर धरता, आणि ती मिटवायला गेली तर मिटत नाहीत. ईप्सिता हल्ली उचलून घ्या म्हणून तुमच्याकडं येत नाय, आईकडंच जाते. हे सगळं तिनं हसत हसत सांगितलं, आणि फोन ठेवून दिला.

बाबा नसतील, भीती कसली. जावईबापू, तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही कारखान्यात काम करता, तुम्हाला मी काय सांगावं. गेल्या खेपेला पोर वाचलं, कारण एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला ते, आणि मध्ये नागेश होता. यंदा वळणावरची जागा रिकामी आहे. तुमचे हात पुढं होतील आणि पलीकडं सरळ त्यांचेच हात.

फोन उचला आणि ते घर रद्द करा. आत्ता. मग माझ्याशी काय भांडायचं ते भांडा.